मला कारखाना नको, पण मृत्युपत्र करा

ती. आई-बाबा,

काल मी मृत्युपत्राचा विषय काढला आणि "बरं बरं, बघू" म्हणून बाबांनी फोन आईकडे दिला तेव्हाच कळलं राग आलाय. नंतर फोन चालूच होता, "पोरगी माझ्या मरणाची वाट बघते का" हे पण ऐकलं. रात्रभर झोप नाही लागली. दादा प्रिंट काढून देईल, चष्मा लावून वाचा.

बाबा, मला कारखान्यातलं काही नको. दादाला दिवाळीतच सांगितलंय. मी आत्ताच हक्कसोड लिहून द्यायला तयार होते, पण वकील म्हणाले वडील हयात असताना त्यांच्या स्वकमाईत तुमचा हक्कच नाही, सोडणार काय? म्हणजे तुम्हीच लिहायला हवं. नाहीतर आई, दादा, मी तिघं सारखे वारस, आणि माझ्या एका सहीसाठी दादाचं काम अडणार. आत्यांच्या सहीच्या वेळचं आठवतंय ना, काका किती वेळा बार्शीला खेटे घालत होते.

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो, दोन साक्षीदारांसमोर सही करायची, ज्यांना काही मिळणार नाही असेच घ्या. रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण मी करायला लावणार. नंतर मन बदललं तर बदला, हयातीत कितीदाही. आणि मेल्यावर सरकार कर घेईल ही भीती सोडा, तो इस्टेट ड्युटीचा कायदा 1985 लाच गेला.

खरी भीती वेगळीच आहे. सगळं तुमच्या एकट्याच्या पॅनवर, जीएसटी नंबर पण. तुम्हाला काही झालं तर तो नंबर दादाला तसाच चालत नाही, नवीन काढावा लागतो, करंट खातं अडकतं, शनिवारचा कामगारांचा आठवडा कुठून द्यायचा? दादाला पार्टनर करून घ्या, सीएंना विचारून.

गेल्या खेपेला कपाटातली चादरीची प्लास्टिक पिशवी उघडली, पॉलिसीवर नॉमिनी अजून आजी! आजी जाऊन नऊ वर्षं झाली हो बाबा. आईचं नाव टाका. बँकेत पण, आता चार नॉमिनी देता येतात. पण बँकेतला नॉमिनी म्हणजे मालक नाही, फक्त पैसे हातात घेणारा, म्हणून तर मृत्युपत्र.

बाबांचं सत्तर झालंय, सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढायचं, पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत. आईची मेडिक्लेम मी घेतलीय, हप्ता मीच भरणार, भांडू नका, आता त्यावर जीएसटी पण नाही. फॉर्ममध्ये शुगर लिहिलीय आई, लपवायची नाही, नाहीतर क्लेम नाकारतात.

लूनावर पुढे उभी राहून कारखान्यात यायचे, घरी आल्यावर आई माझ्या केसांतून कापसाचे तंतू एकेक वेचायची. आता पुण्यात कुठे कारखान्यासारखी खटखट ऐकली की पाय आपोआप थांबतात. मी परत येणार नाही हे ठरवलंय, म्हणून हे सगळं इतकं घाईनं करतेय, हे पण खरं आहे. रागावू नका.

शुक्रवारी हुतात्मा एक्सप्रेसने सोलापूरला येतेय. आधार, पॅन, सातबारा, ती पिशवी, सगळं काढून ठेवा. बाबा, स्टेशनवर यायचं नाही, रिक्षाने येईन. आई, शेंगाचटणी कर, कडक भाकरी दुकानातून आण, उगाच उभी राहू नकोस.

तुमची,
चिमी