इम्प्रॉव्हला स्टँडअपच्या रकान्यात ढकलू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीतलं नाटकाचं पान मी सगळ्यात आधी वाचतो आणि मग बाकीचा पेपर, त्यामुळे हे पत्र रागाने नाही, हक्काने लिहितोय असं समजा. एखाद्या शहरात इम्प्रॉव्हचा, म्हणजे संहितेशिवाय तिथल्या तिथे नाटक उभं करणाऱ्यांचा ग्रुप असतो, नेमाने प्रयोग करतो, वर्कशॉप घेऊन नवीन मुलं तयार करतो, वर्षानुवर्षं टिकून राहतो, आणि पेपरात त्याची दखल काय तर कार्यक्रमांच्या यादीत स्टँडअपवाल्यांच्या खाली एक ओळ, नाव आणि वेळ, बस. नाटकाचा समीक्षक तिकडे फिरकत नाही कारण ते नाटक नाहीच असं धरून चाललेलं असतं, आणि कॉमेडीबद्दल लिहिणारा कोणी गेलाच तर किती हशे पडले ते बघून परत येतो. माझं म्हणणं एवढंच आहे की इम्प्रॉव्ह हे नाटक आहे, त्याचं परीक्षण नाटकासारखं व्हायला हवं.

स्टँडअपबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण तिथे एक माणूस माइकसमोर उभा असतो, त्याने ते जोक्स लिहिलेले असतात, घासूनपुसून घेतलेले असतात, छोट्या ओपन माइकला ट्राय केलेले असतात. इम्प्रॉव्हमध्ये पाच-सहा जण रिकाम्या स्टेजवर येतात, दोन-तीन खुर्च्या असतात, प्रेक्षकांकडून एक शब्द घेतात आणि त्यातून माणसं, जागा, नाती, गोष्ट हे सगळं तिथल्या तिथे उभं करतात, म्हणजे जे काम नाटककार, दिग्दर्शक आणि नट मिळून काही महिन्यांत करतात ते हे लोक एकाच वेळी आणि आपल्या डोळ्यांसमोर करत असतात. दोन्हीत लोक हसतात एवढ्यावरून दोघांना एका रकान्यात बसवायचं का?

मागे एका प्रयोगात बघितलेला सीन सांगतो. प्रेक्षकांतून शब्द आला 'कुलूप'. एक मुलगी खुर्ची ओढून बसली आणि समोर काहीतरी तपासल्यासारखं करायला लागली, बहुतेक तिच्या डोक्यात बँकेतला लॉकर वगैरे असावा. तेवढ्यात दुसरा मुलगा आला, दारातच थांबला आणि म्हणाला, "आई, मी आलोय". झालं, तिचा लॉकर गेला. तिने तो एका क्षणात सोडला, चेहरा न बदलता हातातली अदृश्य वस्तू बाजूला ठेवली आणि म्हणाली, "बेल कशाला वाजवलीस, मी कुलूप बदललेलं नाही". हॉल गप्प. कारण एका वाक्यात सगळ्यांना कळलं की हा घर सोडून गेला होता आणि ही वाट बघत होती. तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, "किल्ली तिच्याकडे राहिली". तेव्हा जो हशा आला तो कुठल्याच जोकवर नव्हता, आणि त्याच हशावर लाइटवाल्याने अंधार केला. पुढचा सीन सुरू झाला तेव्हा विंगेतली तिसरी मुलगी मधोमध उभी होती, मुठीत किल्ली धरून. ही 'ती' कोण, तिचं काय झालं, ते पुढची वीस मिनिटं चाललं. कुणीही कुणाला काहीही सांगितलेलं नव्हतं. आता मला सांगा, याचं परीक्षण करायला जागा नाही म्हणजे काय?

आणि लाइटवाल्याचं नाव मुद्दाम घेतलं. इम्प्रॉव्हमध्ये क्यू शीट, म्हणजे लाइट कधी बदलायचा ते लिहिलेला कागद नसतो, त्यामुळे लाइट कधी घालवायचा हे तो सीन ऐकता ऐकता ठरवतो. दोन सेकंद उशीर केला तर चांगला सीन लांबून मरतो, लवकर केला तर पुढचं वाक्य गिळलं जातं. कीबोर्डवर बसणाऱ्याचंही तेच, सीन कुठल्या मूडला वळतोय ते नटांच्या आधी त्याला कळावं लागतं. हे दोघंही इम्प्रॉव्हायझरच आहेत आणि यांच्याबद्दल कधी कुणी एक ओळ लिहिलेली मी वाचलेली नाही.

मग लोक विचारतात की स्क्रिप्टच नाही तर तालीम कसली करता? आपल्याकडे चांगले नाटकवालेसुद्धा हे विचारतात. अहो, तालीम वाक्यांची नसते, ऐकण्याची असते. दोघं समोरासमोर उभे राहून आरशासारखं एकमेकांचं हलणं पकडतात, इतकं की कोण पुढे आहे आणि कोण मागे हे बघणाऱ्याला कळू नये. गोल बसून एकेकाने एकेकच शब्द टाकत गोष्ट सांगायची, तिथे ज्याला आपली हुशारी दाखवायची खाज असते त्याच्यामुळे गोष्ट ताबडतोब फसते आणि ते सगळ्यांना दिसतं. समोरच्याने जे मांडलं ते आधी मान्य करायचं आणि त्यात आपली भर घालायची, हा पाया. तो 'आई' म्हणाला आणि ती 'मी तुझी आई नाही, मी बँकेची मॅनेजर आहे' म्हणाली असती तर हशा आला असता बरं का, चांगला मोठा आला असता, पण सीन तिथेच संपला असता. आपल्या रंगभूमीवर अॅडिशन घेणारे, म्हणजे संहितेत नसलेलं वाक्य ऐनवेळी टाकणारे नट आपण डोक्यावर घेतो, त्यांच्या हजरजबाबीपणाचे किस्से सांगतो, पण अॅडिशन घेताना समोरच्याचा सीन खाल्ला जातो का याचा विचार फार थोडे करतात. इम्प्रॉव्हची अख्खी तालीम सीन न खाण्याची तालीम आहे.

यामागे किती काम झालंय तेही आपल्याकडे लिहिलं जात नाही. व्हायोला स्पोलिन ही बाई 1920 च्या दशकात शिकागोच्या हल हाऊसमध्ये नेवा बॉयडकडे शिकली, हल हाऊस म्हणजे स्थलांतरितांच्या वस्तीत चालणारी सेवाभावी संस्था. बॉयड मुलांच्या खेळांमधून शिकवायच्या. पुढे 1930 च्या दशकातल्या मंदीत निघालेल्या सरकारी योजनेत स्पोलिन मुलांच्या नाटकाचं काम सांभाळत होत्या, वेगवेगळ्या देशांतून आलेली मुलं, भाषा वेगळ्या, त्यांना भाषण देऊन अभिनय शिकवता येणार नव्हता, म्हणून त्यांनी खेळ तयार केले, आणि आज जगभरच्या वर्कशॉपमध्ये जे खेळतात त्यातले कितीतरी त्यांचे आहेत. त्यांचा मुलगा पॉल सिल्स. 1955 मध्ये त्याने आणि डेव्हिड शेफर्डने शिकागोत कंपास प्लेअर्स हा इम्प्रॉव्हचा ग्रुप सुरू केला, पुढे नाटक-सिनेमात गाजलेले माइक निकोल्स आणि इलेन मे तिथलेच. मग 16 डिसेंबर 1959 ला सिल्स, बर्नी साहलिन्स आणि हॉवर्ड आल्क यांनी एका जुन्या लाँड्रीच्या जागेत सेकंड सिटी हे थिएटर उघडलं. मुलांना बोलतं करण्यासाठी केलेल्या खेळांतून एका शहराची ओळख ठरावी अशी कंपनी उभी राहिली, ॲलन आर्किन, बिल मरी, टीना फे अशी सिनेमा-टीव्हीत गाजलेली माणसं त्या स्टेजवरून पुढे गेली.

सेकंड सिटीचा मेन शो मात्र मुख्यतः बसवलेल्या सीन्सचा असतो, हे इथे बऱ्याच जणांना माहीत नसतं. शो संपला की प्रेक्षकांकडून सूचना घेऊन इम्प्रॉव्ह करायचं, त्यातलं जे जमलं ते पुन्हा पुन्हा करून पक्कं करायचं आणि त्यातून पुढचा शो बांधायचा. साहलिन्स यांचं मत होतं की इम्प्रॉव्ह हे साहित्य तयार करायचं साधन आहे, आणि तिथलेच एक दिग्दर्शक डेल क्लोज म्हणायचे की नाही, तोच प्रयोग आहे, तेवढ्याचसाठी लोकांनी तिकीट काढावं. या वादात मी क्लोज यांच्या बाजूने आहे. त्यांनी 1960 च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या द कमिटी या ग्रुपबरोबर हॅरॉल्ड नावाचा लांब प्रकार सुरू केला आणि पुढे शिकागोत चार्ना हॅल्पर्न यांच्याबरोबर तो वाढवला, ज्यात एका शब्दातून सुरुवातीला काहीच संबंध नसलेले तीन सीन निघतात, मधे सगळ्यांचे मिळून खेळ होतात, ते सीन पुन्हा येतात, पुन्हा येतात आणि शेवटी एकमेकांत गुंततात. हे बघताना कळतं की नट किती लक्षात ठेवतायत. पहिल्या पाच मिनिटांत सहज बोललेलं नाव पंचविसाव्या मिनिटाला परत येतं आणि अख्खा हॉल एकदम श्वास घेतो.

तिकडे ब्रिटनमध्ये कीथ जॉनस्टोन. लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये काम करताना त्यांनी स्टेटस शिकवायला सुरुवात केली, म्हणजे दोन माणसं एका खोलीत आली की कोण वर आणि कोण खाली हे कसं ठरतं, कोण खुर्चीत पसरून बसतं, कोण बोलताना चेहऱ्याला हात लावतं, आणि एका वाक्यात ते उलटं कसं होतं. मालक-नोकर, साहेब-शिपाई, सासू-सून, सगळं नाटक यातच आहे. 1968 पर्यंत तिथे नाटकाची संहिता लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याच्या ऑफिसकडून आधी पास करून घ्यावी लागायची, आणि ज्या प्रयोगाला संहिताच नाही तो पास कसा करणार, त्यामुळे इम्प्रॉव्ह लोकांसमोर करायचं तर ते शिकवण्याचं प्रात्यक्षिक म्हणून करावं लागे. म्हणजे सेन्सॉरला समजत होतं की हे नाटक आहे, आणि आपल्या पुरवण्यांना अजून समजत नाही! पुढे जॉनस्टोन कॅनडात गेले आणि 1977 मध्ये कॅल्गरीत थिएटरस्पोर्ट्स सुरू केलं, दोन टीम, जज, पॉइंट, कुस्तीच्या फडासारखा आरडाओरडा.

आणि आपल्याला हे परकं वाटायचं काही कारणच नाही. दशावतारात कुठे लिहिलेली संहिता असते, आख्यान ठरतं, कोण काय करणार ते ठरतं आणि संवाद रंगमंचावर होतात. तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या काय बोलेल हे सरदारालाही पूर्ण माहीत नसतं. त्याही पुढे जाऊन सांगतो, तुमच्याच पेपरात ख्यालाच्या मैफलीचं परीक्षण येतं. गायकाने बडा ख्याल कसा मांडला, बढत कशी केली, तबलजी कुठे धावला, कुठे थांबला. ती आलापी कुणी लिहून आणलेली नसते, उद्या ती तशीच होणार नसते, तरी तुमचा समीक्षक 'जे पुन्हा होणार नाही त्यावर काय लिहू' असं म्हणत नाही. मग हा न्याय इथे का नाही?

परीक्षण म्हणजे कौतुकच हवं असंही माझं म्हणणं नाही. उलट वाईट इम्प्रॉव्हला कुणीतरी वाईट म्हणायची गरज आहे. दर तिसऱ्या सीनमध्ये नवरा-बायकोचं भांडण, हशा आटला की शिवी, गावाकडच्या बोलीत दोन वाक्यं टाकून टाळी, आणि ग्रुपमध्ये चार मुलं एक मुलगी असली की तिला कायम गर्लफ्रेंड, बायको नाहीतर नर्स करायची. हे तिथल्या तिथे सुचतं म्हणून माफ नाही, तिथल्या तिथे पहिलं काय सुचतं त्यावरूनच ग्रुप कसा घडलाय ते कळतं. समीक्षकाने हे लिहिलं तर ग्रुप सुधारेल. ग्रुपचे पडद्यामागचे प्रश्नही असतात, क्लासची फी कोणाला परवडते, स्टेजवर कोणाला घेतलं जातं, नटांना मानधन मिळतं का. सेकंड सिटीसारख्या एवढ्या जुन्या कंपनीत 2020 मध्ये वंशभेदाचे आरोप तिथल्याच कलाकारांनी जाहीरपणे केले आणि मालक अँड्र्यू अलेक्झांडर यांना पायउतार व्हावं लागलं, पुढच्या वर्षी कंपनी विकली गेली. त्याच 2020 मध्ये क्लोज आणि हॅल्पर्न यांचं आयओ थिएटर बंद पडलं, ते 2022 मध्ये नव्या मालकांनी पुन्हा उघडलं. मोठ्यांची ही गत, तर एखाद्या शहरातल्या लहान ग्रुपचं काय. त्यांची तालमीची खोली गेली की ग्रुप जातो, कारण ऐकायची सवय महिनाभर सुटली तरी स्टेजवर दिसते, आणि असा ग्रुप बंद पडला तर मागे स्क्रिप्ट नाही, पुस्तक नाही, पेपरातलं कात्रणसुद्धा नाही. बहुतेक वेळा व्हिडिओ पण नसतो, आणि असला तरी त्यात हॉलमधली ती शांतता येत नाही.

म्हणून एक करा. समीक्षकाला एकाच ग्रुपच्या लागोपाठ तीन प्रयोगांना पाठवा, एकाला नको. एका प्रयोगावरून काही कळत नाही, त्या दिवशी जमलं असेल किंवा पडलं असेल. तीन बघितले की दिसायला लागतं कोण ऐकतंय, कोण सीन खातंय, अडकलेल्याला सोडवायला विंगेतून दरवेळी कोण धावतं, कोणाच्या हातात लाइट आहे. मग त्यावर नाटकाच्या पानावर, नाटकाच्या परीक्षणाएवढ्या जागेत लिहा, नटांची नावं देऊन, आणि लाइट व संगीत करणाऱ्यांचीही. जागा कमी असेल तर पुढच्या महिन्यात माझं हे पत्र छापू नका, त्याऐवजी ते छापा.

आपला,
नाटकाचं पान आधी उघडणारा एक वाचक