सवलत नव्या शेगडीला मिळाली, जुनी मात्र घरातच राहिली

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील घरगुती ऊर्जाविषयक करसवलती एका नव्या कायद्याने बंद झाल्याची बातमी आपल्या दैनिकाच्या अर्थविषयक पानावर वाचली. तीत सौरपत्रे आणि विजेच्या मोटारी यांचा उल्लेख होता, परंतु त्याच कायद्याने संपुष्टात आणलेल्या एका सवलतीविषयी एक ओळही नव्हती. लाकडावर किंवा लाकडाच्या भुशापासून दाबून केलेल्या पेलेटवर चालणाऱ्या, घर किंवा पाणी तापवणाऱ्या शेगड्या व बॉयलर यांवरची ती सवलत होय. व्हर्माँटसारख्या राज्यात राहणाऱ्यांना तिचे महत्त्व सौरपत्र्यांहून कमी नव्हते. तिच्या बंद होण्यावर मला जे वाटते ते सरळ हळहळीचे नाही, म्हणून हे पत्र.

प्रथम सवलतीचे स्वरूप सांगणे आवश्यक आहे. १ जानेवारी २०२३ पासून अशी शेगडी किंवा बॉयलर बसवणाऱ्यास, बसवणुकीच्या मजुरीसह होणाऱ्या खर्चाच्या ३० टक्के, मात्र वर्षाला २,००० डॉलरच्या मर्यादेत, आपल्या प्राप्तिकरातून कमी करून घेता येत असे. ही उत्पन्नातून मिळणारी वजावट नव्हती. भरावयाच्या करातूनच ती रक्कम उणी होत असे. अट एकच पण महत्त्वाची होती. उपकरणाची औष्णिक कार्यक्षमता किमान ७५ टक्के हवी आणि ती इंधनाच्या उच्च उष्मांक मूल्यावर मोजलेली हवी. लाकडातल्या ओलाव्याची वाफ होऊन ती धुराड्यातून निघून जाते आणि तिच्यासोबत उष्णताही जाते. ही गेलेली उष्णता या पद्धतीत तोटा म्हणून धरली जाते, कनिष्ठ मूल्याच्या पद्धतीत धरली जात नाही. त्यामुळे तीच शेगडी एका पद्धतीने उत्तीर्ण आणि दुसऱ्या पद्धतीने अनुत्तीर्ण ठरू शकते. पूर्वीच्या सवलतींच्या काळात उत्पादक कनिष्ठ मूल्याचा आधार घेऊन आपली शेगडी पात्र असल्याचे स्वतःच प्रमाणित करीत. ती पळवाट २०२१ पासून बंद झाली, हे त्या वेळच्या कायदेबदलाचे निःसंशय श्रेय आहे.

या सवलतीचा इतिहास मात्र धरसोडीचा आहे. २००९ आणि २०१० या वर्षांत ती ३० टक्के होती व मर्यादा १,५०० डॉलरची होती. त्यानंतरच्या दशकात ती जास्तीत जास्त ३०० डॉलरवर आली आणि तीही मध्येच खंडित होऊन नंतर पूर्वलक्षी प्रभावाने पुन्हा सुरू केली जाई. २०२१ मध्ये ती २६ टक्के झाली आणि कमाल मर्यादाच उरली नाही. २०२२ च्या कायद्याने ती २०३२ अखेरपर्यंत चालेल असे ठरवले. ४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या कायद्याने ती सात वर्षे आधीच संपवली. घर तापवण्याची व्यवस्था वीस-पंचवीस वर्षांसाठी केली जाते, आणि तिच्याविषयीचे धोरण दोन-तीन वर्षांतून एकदा बदलत राहिले, तर दुकानदाराने माल किती मागवावा आणि गिऱ्हाइकाने कधी खरेदी करावी, याचा काही धरबंध राहत नाही.

आता मुख्य मुद्दा. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे व्हर्माँटसह अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांच्या, ग्रामीण भागात नळाने येणारा गॅस बहुतेक ठिकाणी नाही. तळघरातल्या टाकीत टँकरने तेल भरून घ्यायचे किंवा लाकूड जाळायचे, असा प्रत्यक्षातला पर्याय असतो, आणि तेल महागले की लाकडाकडे वळणारे बहुधा मर्यादित उत्पन्नाचे लोक असतात. ही सवलत परतावा म्हणून हातात मिळत नसे व पुढच्या वर्षी ओढताही येत नसे. जितका कर, तितकीच सवलत. उदाहरणादाखल हिशेब मांडतो. २०२५ मध्ये वर्षाला ३५,००० डॉलर वेतन मिळवणाऱ्या दांपत्याला ३१,५०० डॉलरची प्रमाणित वजावट मिळाल्यावर ३,५०० डॉलर करपात्र उरतात आणि त्यावर १० टक्के दराने ३५० डॉलर कर होतो. या दांपत्याने ६,००० डॉलर खर्चून शेगडी बसवली, तर कागदावर १,८०० डॉलरची सवलत देय असूनही त्यांच्या पदरात जास्तीत जास्त ३५० डॉलर पडतात. तीच शेगडी डोंगरातल्या सुट्टीच्या घरात हौसेने बसवणाऱ्या डॉक्टरला पूर्ण १,८०० डॉलर मिळतात, कारण घर मुख्य निवासाचेच असावे अशी अट या उपकरणांना नव्हती. भाड्याने दिलेल्या आणि मालक स्वतः राहत नसलेल्या घरात मात्र मालकाला काहीच मिळत नसे. त्यामुळे भाडेकरूंच्या घरांतल्या जुनाट शेगड्या बदलण्याचे कारण मालकाला उरले नाही.

याहून मोठी उणीव अशी की, जुनी शेगडी काढून टाकावी, अशी अट या कायद्यात कोठेही नव्हती. नवी शेगडी दिवाणखान्यात आली आणि जुनी गॅरेजमध्ये गेली किंवा शेजाऱ्याला विकली गेली, तरी सवलत मिळत होती. पर्यावरण संरक्षण खात्याच्या, म्हणजे ईपीएच्या, मे २०२० पासून लागू असलेल्या मर्यादेनुसार नव्या शेगडीतून तासाला २ ग्रॅमपेक्षा, आणि चाचणी प्रत्यक्ष फोडलेल्या सरपणावर घेतली असल्यास २.५ ग्रॅमपेक्षा, अधिक सूक्ष्मकण बाहेर पडता कामा नयेत. १९८८ पूर्वीच्या शेगड्यांना तर केंद्र सरकारची कोणतीच मर्यादा नव्हती. हवेचा फायदा होतो तो जुनी शेगडी जाण्याने. नवी विकली जाण्याने तो आपोआप होत नाही.

माँटाना राज्यातील लिबी या छोट्या गावाचे उदाहरण येथे फार बोलके आहे. डोंगरांनी वेढलेल्या दरीत हे गाव वसले आहे. हिवाळ्यात थंड हवा तळाशी अडकते आणि धूर वर जात नाही. तेथे २००५ ते २००७ या काळात अकराशेहून अधिक जुन्या शेगड्या बदलण्यात आल्या. नव्या शेगडीसाठी जुनी जमा करावी लागे, ती मोडीत काढली जाई आणि कमी उत्पन्नाच्या घरांना मदत आधी मिळे. पुढच्या हिवाळ्यांत गावातील सूक्ष्मकणांचे प्रमाण एक चतुर्थांशाहून अधिक घटल्याचे मोजमापांत दिसले. प्राप्तिकराच्या अर्जातून दिल्या गेलेल्या सवलतीमुळे अमुक गावाची हवा सुधारली, असे तिच्या समर्थकांनी दाखवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. ती कोणत्या गावात गेली याला महत्त्वच नव्हते.

या सवलतीने लाकडाच्या शेगडीला हीट पंपाच्या, म्हणजे विजेवर चालून बाहेरची उष्णता घरात आणणाऱ्या यंत्राच्या, बरोबरीने एकाच २,००० डॉलरच्या मर्यादेत बसवले, हेही मला पटत नाही. दाट वस्तीच्या नगरात धूर न सोडणाऱ्या यंत्राला आणि धूर सोडणाऱ्या यंत्राला सारखाच मान देण्याचे कारण नाही. विरळ वस्तीत, जेथे हिमवादळाने वीज दिवसेंदिवस जाते, तेथे लाकडाची शेगडी ही चैन नसते. पेलेटची शेगडी तेथे कुचकामी ठरते, कारण तिचा पंखा आणि इंधन पुढे ढकलणारा स्क्रू विजेवरच चालतात.

प्रयोगशाळेतल्या आकड्यांवर फार विसंबू नये, असेही वाटते. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईपीएच्याच महानिरीक्षकांनी अहवाल दिला की, शेगड्या ग्राहकापर्यंत पोहोचण्यापूर्वी त्यांची नीट चाचणी व प्रमाणन होत असल्याची वाजवी खात्री ईपीएचा शेगड्यांविषयीचा कार्यक्रम देत नाही. शिवाय ७५ टक्क्यांच्या शेगडीत ओले लाकूड घातले तर ती धुमसतेच. सरपणात ओलावा २० टक्क्यांहून कमी हवा, त्यासाठी ते फोडून, आडोशाला रचून निदान एक उन्हाळा वाळवावे लागते. ओलावा मोजण्याचे साधे उपकरण व सरपणाची शेड यांवर थोडा सरकारी खर्च झाला असता, तर त्याचा उपयोग कदाचित अधिक झाला असता.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय, असे वाचक विचारतील. हा कायदा खोली तापवणाऱ्या शेगडीप्रमाणेच घरातले पाणी तापवणाऱ्या उपकरणालाही लागू होता. म्हणजे तत्त्वतः आपला बंबच. कोकणात नारळाच्या सोडणांवर आणि विदर्भात पऱ्हाटी-तुराट्यांवर आजही पाणी तापते, आणि चुलीच्या धुराचा प्रश्न उज्ज्वला योजनेने २०१६ पासून जोडण्या देऊनही पूर्ण मिटलेला नाही, कारण जोडणी मिळालेल्या घरात सिलिंडर दुसऱ्यांदा भरला जाईलच असे नाही. त्याआधी १९८० च्या दशकात सुरू होऊन २००२ मध्ये केंद्राने आवरता घेतलेल्या सुधारित चूल कार्यक्रमात कोट्यवधी चुली बसवल्या गेल्या, पण पुढे अनेक घरांत त्या मोडल्या आणि जुनी चूल परत आली. पुन्हा कधी बंब किंवा चुलीसाठी राज्याने योजना आखली, तर प्राप्तिकरातून सूट देणे निरर्थक ठरेल, कारण सरपण जाळणारी बहुतेक घरे प्राप्तिकर भरतच नाहीत. रक्कम थेट द्यावी, जुने साधन जमा करून घ्यावे आणि एका वर्षाने नवे वापरात आहे की नाही हे घरी जाऊन पाहावे, त्यानंतरच पुरवठादाराचा शेवटचा हप्ता सोडावा, अशी माझी सूचना आहे.

ज्या वाचकांचे नातेवाईक इकडे अमेरिकेत आहेत त्यांच्यासाठी एक माहिती देतो. ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत शेगडी प्रत्यक्ष बसवून पूर्ण झाली असेल, तर २०२५ च्या विवरणपत्रासोबत ५६९५ क्रमांकाचा अर्ज जोडून सवलत अजून मागता येते. नुसते पैसे भरलेले असून बसवणूक जानेवारीत झाली असेल तर येत नाही. २०२५ च्या विवरणपत्रापासून अर्जात उत्पादकाचा चार अक्षरी संकेतांकही लिहावा लागतो. तो हाताशी नसल्यास दुकानदाराकडून किंवा उत्पादकाच्या संकेतस्थळावरून मिळवावा आणि पावतीसोबत कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र जपून ठेवावे.

आपला,
एक वाचक
माँटपेलियर, व्हर्माँट