डाळिंबाच्या जिल्ह्यात डाळिंबाचीच जेली मिळंना!

संपादक साहेब, नमस्कार.

परवा नातू सुट्टीला आला म्हणून नवी पेठेत जॅम आणायला गेले, तर दुकानदार म्हणतो काकू मिक्स फ्रूटच न्या, बाकीचं कोण घेत नाही. आता मिक्स फ्रूट म्हणजे नक्की कशाची चव हे मला चाळीस वर्षांत कळलेलं नाही, बाटलीमागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली तर पपई, केळी, अननस असं कायकाय निघतं आणि पोरं मात्र लाल रंग बघून खातात. जॅममध्ये फळ निदान 45 टक्के पाहिजे असा नियम आहे, स्ट्रॉबेरीला तर 25 टक्केसुद्धा चालतं, म्हणजे उरलेली बहुतेक साखरच की हो!

माझी स्वतःची आवड विचाराल तर पेरूची जेली, तीपण घरची. फोडी बुडतील इतक्या पाण्यात शिजवायच्या, पंच्यात बांधून रात्रभर टांगून ठेवायच्या, आणि पिळायचं अजिबात नाही, पिळलं की जेली गढूळ झालीच. सकाळी त्या रसात साखर आणि लिंबू घालून आटवायचं, कालथा तिरका धरला की थेंब थेंब न पडता पडद्यासारखं एकत्र पडलं की गॅस बंद. त्याचा रंग मधासारखा येतो. आमचे हे कडक भाकरीवर लावून खातात, शेंगाचटणी बाजूला ठेवून! लोक हसतात पण एकदा खाऊन बघा. सुनेला आंब्याशिवाय काही चालत नाही, पण तिला मी सांगते की आपला साखरांबा असताना मँगो जॅमला पैसे कशाला घालायचे.

आता मुद्द्याचं. सोलापूरच्या डाळिंबाला 2016 ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, सांगोल्याचं भगवा जातीचं डाळिंब बाहेरच्या देशात जातं, आणि मला गावात एक बाटली डाळिंबाची जेली मिळत नाही म्हणजे काय. शेवटी घरी करायला गेले. पहिल्या खेपेला दाणे मिक्सरला फिरवले तर बिया भरडून सगळा रस कडवट. दुसऱ्यांदा हाताने चुरून गाळला, चव फस्क्लास, पण डाळिंबात जेली धरून ठेवणारं पेक्टिन पेरूइतकं नसतं, त्यामुळे तासभर आटवूनही घट्ट होईना, नुसता पाक. नातवानं तो सोड्यात घालून दोन दिवसांत संपवला, म्हणतो आजी परत कर.

पुढच्या वेळी निम्मा पेरूचा रस घालून बघणार आहे. तोवर कुणी बचत गटाची बाई डाळिंबाची जेली करत असेल तर तुमच्या पेपरात जरा छापा, घट्ट झालेली असली म्हणजे झालं, बरणी मी घेऊन येते.

– एक वाचक आजी, विजापूर रोड, सोलापूर