बियाण्यांच्या पाकिटाआधी मातीचा अहवाल द्या

माननीय पर्यावरणमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

घरचा भाजीपाला घरीच पिकवा, असे आवाहन आपल्यासारखी मंडळी वरचेवर करतात. बियाण्यांची पाकिटे वाटली जातात, फोटो निघतात. पाकिटांबद्दल माझी तक्रार नाही, बियाणे बरे उगवते. ते ज्या मातीत पेरायचे ती कशी आहे, हे मात्र कुणी सांगत नाही.

मी परसातली माती तपासून घेतली. ठिकठिकाणी खड्डे घेऊन वरच्या पंधरा सेंटिमीटरची माती खरवडली, सावलीत वाळवली, कालवून नमुना दिला. अहवालात सामू (म्हणजे माती किती आम्ल वा अल्क, तो pH), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश असे सगळे होते. शेतकऱ्याला हेच लागते, त्यात प्रयोगशाळेचे काही चुकले नाही. पण माझे घर वाहत्या रस्त्याला लागून, भिंतींना जुन्या, बहुधा शिसेयुक्त तेलरंगाचे पोपडे. मला शिसे आणि कॅडमियम या विषारी जड धातूंचे आकडे हवे होते. त्यांचा रकानाच नव्हता.

शिसे कुजत नाही की जिरून जात नाही. वाहनांचे शिसेयुक्त पेट्रोल जगातून पुरते हद्दपार व्हायला २०२१ साल उजाडले. तोवर धुरातून जे खाली बसले, ते बरेचसे मातीच्या वरच्या थरातच आहे. शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळी जागतिक आरोग्य संघटनेला माहीत नाही. अमेरिकेने २०२४ मध्ये घराभोवतालच्या मातीसाठीची मार्गदर्शक मर्यादा किलोमागे ४०० मिलिग्रॅमवरून २०० वर आणली.

याचा अर्थ परसबाग मोडून टाकावी असा नाही. टोमॅटो, वांगी, घेवड्याच्या शेंगा यांत शिसे फारसे उतरत नाही. मुळा-गाजराला माती चिकटते, पालेभाजीवर धूळ बसते. पालकाच्या पानावरून ओला कापूस फिरवून पाहा, काळा पट्टा उमटतो. ती धूळ धुता येते. कॅडमियमचे तसे नाही, ते मुळांवाटे पानात चढते आणि धुऊन जात नाही. सामू सातच्या आसपास ठेवला, कुजलेले खत भरपूर घातले, तर दोन्ही धातू बऱ्याच अंशी मातीत अडकून राहतात. फारच वाईट माती असेल तर बाहेरची चांगली माती आणून गादीवाफा, म्हणजे जमिनीपेक्षा उंच वाफा, करावा. पण यातले काय करायचे, हे आकडा हातात आल्याशिवाय ठरत नाही. शिवाय ते खत वर्गीकरण न केलेल्या कचऱ्याचे निघाले, तर आपणच पैसे देऊन धातू घरी आणले!

स्वयंपूर्णतेच्या गोष्टी जपून कराव्यात. धान्य, डाळी, तेल गच्चीवर होत नाही. भाजी होते. १९९० च्या दशकात क्युबात अन्नाची टंचाई आली तेव्हा राजधानी हवानातल्या मोकळ्या जागांवर कडा बांधून, आत खत-माती भरून वाफे उभे राहिले. सरकारने जागा दिल्या, सल्ला देणारी माणसे नेमली. नुसत्या आवाहनावर ते झाले नाही.

तेव्हा माती परीक्षणात जड धातूंचा रकाना घाला, तोही सामान्य घराला परवडेल अशा शुल्कात. विकल्या जाणाऱ्या खताच्या पोत्यावर तपासणीचे आकडे छापायला लावा. याला वेळ लागेल, हे समजते. पण जुने कारखाने, बॅटऱ्या फोडण्याच्या जागा, कचऱ्याचे ढीग कुठे होते, याच्या नोंदी सरकारी दप्तरांत असणारच. त्या नकाशावर मांडून खुल्या करायला प्रयोगशाळा लागत नाही. सुरुवात तिथून करावी, ही विनंती.

आपला,
परसबाग करणारा एक नागरिक