मंत्रीसाहेब, फुकट वाटलेल्या कॉप्या मोजायच्या कशा?

माननीय माहिती तंत्रज्ञान मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी एका छोट्या फ्री ऑडिओ एडिटरच्या प्रोजेक्टवर फावल्या वेळात काम करते. आम्ही सगळे मिळून सात-आठ जण, पगार कोणालाच नाही, ऑफिस नाही, प्रोजेक्टच्या नावाने बँकेत खातंसुद्धा नाही. पत्राचं कारण तुम्हाला किरकोळ वाटेल, एक फाइल उघडली नाही एवढंच, पण ती का उघडली नाही हे शोधत गेलं की सरळ तुमच्या टेबलापर्यंत येऊन पोचतं, म्हणून लिहितेय.

झालं असं की आमच्या एका युजरने एका सरकारी पोर्टलवरून जाहीर सुनावणीचं रेकॉर्डिंग डाउनलोड केलं, त्याला त्यातला दहा मिनिटांचा तुकडा कापून हवा होता. फाइल आमच्या एडिटरमध्ये टाकली तर समोर चौकट, ‘या फाइलसाठी लागणारा डिकोडर सापडला नाही’, आणि खाली एकच बटण, ‘ठीक आहे’. त्याला वाटलं डाउनलोड अर्धवट झालं असेल, म्हणून परत उतरवलं, मग तिसऱ्यांदा, मग फाइलच्या नावातलं एम-फोर-ए खोडून एमपीथ्री लिहून बघितलं (हे सगळेच करतात, मीही केलंय) आणि मग वैतागून आम्हाला लिहिलं की तुमचं सॉफ्टवेअर बिघडलंय. मी फाइलचा तपशील मागवला. फाइल धडधाकट होती, आत आवाज एएसी नावाच्या फॉरमॅटमध्ये होता, आणि त्याच्या लिनक्समधून (विंडोजसारखीच, पण मोकळी सिस्टिम) एएसी उलगडून वाजवणारा भाग, म्हणजे डिकोडर, मुद्दाम काढून टाकलेला होता, वकिलांच्या सल्ल्याने. दुसऱ्या रेपॉझिटरीतून (सॉफ्टवेअरच्या ऑनलाइन साठ्यातून) टाकून घ्या असं सांगता येतं, आम्ही सांगतोच, रोज सांगतो. पण जाहीर सुनावणी ऐकायला नागरिकाने आधी पेटंटच्या भानगडी समजून घ्यायच्या हे काही पटत नाही हो.

आता थोडं तांत्रिक, पण लवकर उरकते. आवाजाची फाइल लहान करायची तर कानाला जे ऐकूच येणार नाही ते शोधून फेकून द्यावं लागतं, आणि उरलेलं कमीत कमी बिटांत बसवावं लागतं, हे काम करणाऱ्याला कोडेक म्हणतात, त्यातला फाइल बनवणारा भाग एन्कोडर आणि वाजवणारा डिकोडर. कॉपीराइट असतो लिहिलेल्या ओळींवर, आणि आमच्या ओळी आमच्याच असतात. पेटंट असतं पद्धतीवर. म्हणजे मी दुसऱ्याचा कोड डोळ्यांनी न बघता सगळं शून्यापासून स्वतः लिहिलं तरी तीच पद्धत वापरल्याशिवाय ती फाइल वाजणारच नाही, कारण त्या फॉरमॅटच्या स्टँडर्डमध्येच, म्हणजे सगळ्यांनी पाळायच्या ठरलेल्या नियमांतच, ती पद्धत लिहिलेली आहे. दुसरा रस्ताच ठेवलेला नाही.

एमपीथ्रीच्या वेळी हेच झालं होतं. स्टँडर्ड १९९३ मध्ये छापून आलं, नमुन्याचा सोर्स कोड लोकांच्या हाती होता, त्यावरून हौशी लोकांनी एन्कोडर बनवले आणि वाटले, आणि सप्टेंबर १९९८ मध्ये जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेची पत्रं आली की लायसन्स घ्या. कित्येक प्रोजेक्ट तिथेच गुंडाळले गेले. लेम नावाचा एन्कोडर टिकला, पण कसा, तर नावातच म्हणत होता की हा एमपीथ्री एन्कोडर नाहीच, आणि देताना फक्त सोर्स कोड द्यायचा, शिकण्यासाठी म्हणून, चालणारा प्रोग्रॅम तुमचा तुम्ही बनवा. ऑडॅसिटीसारख्या जगभर वापरल्या जाणाऱ्या एडिटरमध्येही एमपीथ्री सेव्ह करायला लेमची डीएलएल फाइल वेगळी शोधून आणावी लागायची, ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते दाखवावं लागायचं, आणि हे २०१९ च्या २.३.२ आवृत्तीपर्यंत चाललं! मी स्वतः किती जणांना ती फाइल कुठे ठेवायची ते समजावलंय त्याला गणती नाही, त्यातले काही जण नको त्या साइटवरून नको ते उतरवून बसायचे ते वेगळंच. रेड हॅट या लिनक्स बनवणाऱ्या कंपनीने २००२ मध्ये आपल्या ८.० आवृत्तीतून एमपीथ्री काढून टाकलं, आणि फेडोरा या तिच्याच आधाराने चालणाऱ्या लिनक्समध्ये एमपीथ्री नुसतं ऐकायची सोय यायला २०१६ चा नोव्हेंबर उजाडला.

आता मुद्द्याचं. कोडेकच्या लायसन्सची फी बहुतेक वेळा कॉपीमागे असते. एमपीथ्रीचा दर तेव्हा डिकोडरला ०.७५ डॉलर होता, एन्कोडर असेल तर २.५० डॉलरपासून पुढे. डबा विकणाऱ्या कंपनीला हे जमतं, ती एक लाख डबे विकते, गुणाकार करते, किमतीत घालते, विषय संपला. आमची कॉपी एकाने उतरवली, त्याने ती पेन ड्राइव्हवर पाच जणांना दिली, त्यातल्या एकाने थोडा बदल करून शाळेतल्या चाळीस मशीनवर टाकली, आणि हे सगळं करायची परवानगी आम्हीच लेखी दिलेली, किंबहुना त्यासाठीच तर हे सॉफ्टवेअर केलं. मग सांगा, मोजायचं कोणी? आणि फीचं बिल पाठवायचं कोणाला?

बरं, उद्या कोणी दानशूर भेटला आणि म्हणाला मी तुमचे पैसे भरतो, तरी आम्हाला घेता येणार नाहीत. आम्ही सॉफ्टवेअर वाटतो ते जीपीएल नावाच्या लायसन्सखाली, त्याची दुसरी आवृत्ती १९९१ ची आहे, तिचं सातवं कलम काढून बघा. त्यात उदाहरणच दिलंय की पेटंटच्या लायसन्समुळे पुढच्या माणसाला ते सॉफ्टवेअर रॉयल्टी न भरता वाटता येणार नसेल तर तुम्हीही वाटायचं नाही, अजिबात नाही. म्हणजे फक्त आमच्यापुरती फी भरली तर आम्ही आमच्याच लायसन्सचा भंग करतो. फ्लुएंडो नावाच्या कंपनीने एक पळवाट काढली होती, त्यांनी एमपीथ्रीचं लायसन्स विकत घेतलं, डिकोडरचा कोड उघडा ठेवला आणि तयार प्लगइन फुकट वाटलं. पण पेटंटची परवानगी फक्त त्यांच्या हातून मिळालेल्या तयार फाइलला, तोच कोड तुम्ही स्वतः कंपाइल केलात की छत्री गेली. एएसीचंही तसंच. फ्राउनहोफरने अँड्रॉइडसाठी आपला एएसी कोड २०१२ मध्ये खुला केला, चांगला कोड आहे, मी वापरते, पण त्याच्या लायसन्समध्ये स्वच्छ लिहिलंय की यातून पेटंटचा कुठलाही हक्क मिळत नाही. एफएफएमपेग या आवाज-व्हिडिओ बदलणाऱ्या फ्री सॉफ्टवेअरमध्ये जीपीएलचे भाग चालू ठेवून तो जोडायचा तर ‘नॉनफ्री’ असा पर्याय स्वतःच्या हाताने टाइप करावा लागतो, आणि मग जे तयार होतं ते दुसऱ्याला देता येत नाही. स्वतःच्या मशीनवर बनवा, स्वतः वापरा, गप्प बसा.

तुमचे अधिकारी यावर म्हणतील की पेटंटवाले वाजवी आणि भेदभावरहित अटींवर लायसन्स द्यायला बांधील आहेत, मग अडचण काय. हे दोन शब्द फायलींमध्ये फार आवडते आहेत. दर सगळ्यांना सारखाच आहे हे खरं, पण ज्याला कॉप्या मोजताच येत नाहीत त्याच्यासाठी पाऊण डॉलर काय आणि पाऊण पैसा काय, दार बंदच. एकसारखा उंच उंबरठा सगळ्यांना लावला म्हणजे भेदभाव झाला नाही असं व्हीलचेअरवाल्याला सांगून बघा.

आणि पैसे भरले म्हणून निर्धास्त होता येतं असंही नाही. मायक्रोसॉफ्टने एमपीथ्रीसाठी फ्राउनहोफरला १.६ कोटी डॉलर मोजले होते, तरी अल्काटेल-ल्यूसंटने आपलीही पेटंटं आहेत म्हणून कोर्टात खेचलं आणि फेब्रुवारी २००७ मध्ये ज्युरीने १५२ कोटी डॉलरची भरपाई लावली. ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी तो निकाल फिरवला हे ठीक, पण तोपर्यंत लढायला वकिलांची फौज लागते. त्याच्या आदल्या वर्षी बर्लिनच्या इफा प्रदर्शनात सॅनडिस्कचे एमपीथ्री प्लेअर स्टॉलवरून जप्त झाले होते, तेही पेटंटच्याच भांडणातून. आमच्याकडे स्टॉलही नाही आणि वकीलही नाही, आम्ही नोटीस यायच्या आधीच बटण काढून टाकतो. पेटंटचा खरा परिणाम कोर्टाच्या निकालांत दिसत नाही, तो या न टाकलेल्या बटणांत असतो, आणि त्यांची नोंद कुठेच होत नाही.

गैरसमज नको, ज्यांनी ही संशोधनं केली त्यांनी वर्षानुवर्षं घासली आहेत आणि त्यांना पैसे मिळू नयेत असं माझं म्हणणं नाही. मिळालेही. एप्रिल २०१७ मध्ये एमपीथ्रीचा लायसन्स कार्यक्रम बंद झाला तेव्हा बातम्या आल्या की एमपीथ्री मेलं, आम्ही हसलो, पेटंटं संपली होती, आमच्यासाठी ते तेव्हा कुठे जन्माला आलं होतं. पण एएसीच्या बाबतीत नुसतं थांबून भागत नाही. मूळ एएसी १९९७ चं, मग २००३ मध्ये एचई-एएसी, २०१२ मध्ये एक्सएचई-एएसी, प्रत्येक वेळी नवीन भर, नवीन पेटंटं, आणि नाव मात्र तेच कायम. तुमच्या टेंडरमध्ये नुसतं ‘एएसी’ लिहिलेलं असतं तेव्हा त्यातलं कुठलं हे लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही, आणि पेटंटांचं शेपूट किती लांब आहे हे तर नाहीच नाही.

आणि पर्याय नाही असं तर मुळीच नाही. ओपस नावाचा कोडेक सप्टेंबर २०१२ मध्ये इंटरनेटच्या स्टँडर्डमध्ये आला, आरएफसी ६७१६ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या स्टँडर्डचे क्रमांक दिलेले दस्तऐवज), स्काइपचा सिल्क आणि झिफ या संस्थेचा सेल्ट असे दोन कोडेक एकत्र करून बनवलेला, पेटंट असणाऱ्यांनी रॉयल्टी न घेता दिलेला. ब्राउझरमधून कॉल करायच्या वेबआरटीसीमध्ये तो सक्तीचा आहे. तुम्ही व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवता ना, तीसुद्धा ओपसच. म्हणजे मंत्रीसाहेब, तुम्ही रोज तो वापरताय, फक्त सरकारी पोर्टलवर तो चालत नाही. आवाजाचा कणही न गमावता साठवायचं असेल तर फ्लॅक आहे, तोही आता आरएफसी झालाय, डिसेंबर २०२४ मध्ये. एक गोष्ट लपवत नाही, २०२३ मध्ये व्हेक्टिस नावाच्या कंपनीने ओपसवरही पेटंटांचा गठ्ठा बांधायला घेतला, हार्डवेअर बनवणाऱ्यांकडून फी घ्यायला. म्हणूनच सरकारने मोकळ्या कोडेकच्या मागे उभं राहायला हवं असं मला वाटतं, मोठा वापरणारा मागे असला की अशा दाव्यांची छाननी तरी नीट होते.

मी मागतेय ते फार नाही. जाहीर रेकॉर्डिंग जिथे एएसीत आहे तिथे ते काढू नका, त्याच्या शेजारी ओपसची फाइल ठेवा, ते जड जात असेल तर निदान एमपीथ्री ठेवा, ते आता मोकळं आहे. एक फाइल बदलायला एका ओळीची कमांड लागते, ती मी लिहून देते. जुनं रेकॉर्डिंग जपायचं असेल तर फ्लॅक. दुसरं, टेंडरमध्ये ‘वाजवी अटींवर’ हे शब्द खोडून ‘रॉयल्टी नाही, आणि पुढे वाटण्यासाठीही रॉयल्टी नाही’ असं लिहा. ब्रिटनने २०१२ मध्ये आपल्या सरकारी सॉफ्टवेअरच्या तत्त्वांत रॉयल्टी-फ्री हीच अट घातली, तिथलं कामकाज काही बंद पडलं नाही. सॉफ्टवेअरवर पेटंट असावं की नाही हा मोठा वाद मी इथे उकरत नाही, युरोपच्या संसदेने ६ जुलै २००५ ला सॉफ्टवेअर पेटंटांच्या कायद्याचा मसुदा ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला एवढंच तुमच्या माहितीसाठी. व्हीएलसी हा फ्री प्लेअर फ्रान्समधून चालतो आणि सगळं वाजवतो, त्यामागे तिथला कायदाही आहे.

त्या युजरला मी शेवटी माझ्या मशीनवर फाइल बदलून दिली, दहा मिनिटांचा तुकडा कापूनच दिला. आमच्या एडिटरच्या पुढच्या आवृत्तीत ती चौकट बदलतोय, ‘डिकोडर सापडला नाही’ च्या जागी नेमकं काय लिहायचं यावर आमचं अजून एकमत नाही, माझं म्हणणं आहे की खरं कारण लिहावं, बाकीचे म्हणतात ते त्या चौकटीत मावणार नाही. फाइल कुठली, पोर्टल कुठलं हे इथे जाहीर लिहीत नाही, तुमच्या खात्याने विचारलं तर लगेच कळवते.

आपली,
एका फ्री ऑडिओ एडिटरची फावल्या वेळातली डेव्हलपर