बाबा, एक ओळ मागायची आहे

पुणे,
रविवार, रात्री उशिरा

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलता आलं नसतं. चारदा नंबर लावला आणि चारही वेळा तब्येतीचं विचारून ठेवून दिला. म्हणून कागद घेतला आहे. बाबा, सावकाश वाचा, चष्मा लावून. आईला वाचून दाखवा, पण शेवटचा भाग आधी तुम्ही एकट्याने वाचा.

मी एक कादंबरी लिहून पूर्ण केली आहे. चार वर्षं लागली. रोज पहाटे पाच ते सात, कामावर जायच्या आधी. आई, दिवाळीत तू विचारलं होतंस, "काय लिहूलालीस गं एवढं?" मी ऑफिसचं म्हणाले. ते खोटं होतं, माफ कर.

कादंबरी थरारकथा आहे. पुढे काय होतं या धास्तीने माणूस रात्रभर वाचत बसेल अशी. इंग्रजीत आहे. मराठीत का नाही, हे तुम्ही विचारणारच, आणि त्याचं उत्तर मला द्यायचंच आहे, पण आधी सध्या कुठे अडले आहे ते सांगते.

आपल्याकडे मराठीत लेखक आपलं बाड थेट प्रकाशकाकडे पाठवतो. अमेरिकेत, इंग्लंडात मोठ्या प्रकाशकांकडे असं सहसा चालत नाही. तिथे मध्ये एजंट असतो. त्याला पुस्तक आवडलं तर तो ते प्रकाशकांकडे घेऊन जातो, करारावर बोलणी करतो. आणि त्या एजंटाला सुरुवातीला पुस्तक पाठवायचंच नसतं. पाठवायचं एक पान. त्याला क्वेरी लेटर म्हणतात. 250 ते 350 शब्दांत गोष्ट कोणाची, त्याचं काय अडलंय, नाही जमलं तर तो काय गमावणार, एवढं सांगायचं. मग पुस्तक कोणत्या प्रकारचं, किती शब्दांचं, आणि लिहिणारी कोण. सोबत बहुतेक जण पहिली पाच-दहा पानं मागतात. ते एक पान आवडलं तर पुढचं. नाही आवडलं तर पुष्कळदा उत्तरही येत नाही. वाट बघायची, कधी आठवडे, कधी महिने.

आई, तू आता म्हणशील, पैसे किती मागतात? खरा एजंट आधी एक रुपयाही घेत नाही. पुस्तक विकलं गेलं तर लेखकाच्या कमाईतले साधारण 15 टक्के त्याचे, परदेशी हक्कांवर बहुधा 20. मला एकाने नुसतं वाचण्याचे पैसे मागितले होते. मी तिथूनच परत फिरले.

बाबा, तुम्हाला हे पान काय ते लगेच कळेल. आपल्या ओट्यावर बसून तुम्ही आख्ख्या गल्लीचे अर्ज लिहून द्यायचात. रेशनकार्डाचे, फी माफीचे, निराधार पेन्शनचे. मी शेजारी बसून पाटीवर गिरवायची. तुम्ही त्या लोकांना सांगायचात की साहेबाला पान उलटायला लावायचं नाही, आणि पहिल्या चार ओळींत कोणाचं काय अडलंय ते आलं पाहिजे. बाकी दुष्काळ, गरिबी, महागाई साहेबाला माहीत असते.

आणि मी नेमकं तेच विसरले.

इथे आम्ही सहा जण महिन्यातून दोनदा रविवारी एकमेकांचं लिखाण वाचतो. एकीच्या घरी, कर्वेनगरात. नियम असा की ज्याचा कागद आहे त्याने तोंड उघडायचं नाही. कागद बोलेल तेवढंच. कारण एजंटापुढे आपण समजावून सांगायला उभे नसतो. मी माझं पत्र दिलं आणि गप्प बसले.

माझं पत्र 540 शब्दांचं होतं. त्यातले पहिले दोन परिच्छेद नुसता 2016 चा दुष्काळ. धनेगावला मांजरा धरण कोरडं पडलं. लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली, पाच माणसं एकत्र जमायची नाहीत. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मला वाटत होतं, परदेशातल्या माणसाला हे वाचून धक्का बसेल. वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग सत्तरीच्या एक बाई आहेत, बँकेतून निवृत्त झालेल्या, जन्मभर रहस्यकथा वाचलेल्या. त्या म्हणाल्या, "हे सगळं खरंय गं. पण हे वर्तमानपत्रात आलेलं आहे. तुझा माणूस कुठंय? आणि उद्या सकाळी तो काय गमावणार आहे?"

माझा माणूस तिसऱ्या परिच्छेदात होता, तोही सात जणांच्या गर्दीत. सगळ्यांना नावं दिली होती. एकाने पेन्सिलीने नावांभोवती गोल केले आणि कागद माझ्याकडे सरकवला. सात गोल बघून मला कळलं की एका पानात इतकी माणसं ओळखीची होऊच शकत नाहीत. त्या रात्री मी झोपले नाही. राग आला होता, हे खरं. चार वर्षांचं काम आणि हे लोक पेन्सिलीने गोल काढतात. सकाळी उठून पाहिलं तर गोल बरोबर होते.

पुढच्या तीन महिन्यांत मी ते पान अकरा वेळा लिहिलं. परदेशात राहणारी कॉलेजातली एक सीनियर आहे, तिला एजंट मिळालेला आहे, तिलाही पाठवलं. तिने सांगितलेलं सगळ्यात जास्त लागलं. माझी कादंबरी 1,28,000 शब्दांची होती. ती म्हणाली, नव्या लेखकाची थरारकथा साधारण 80 ते 90 हजारांची असते, लाखाच्या वर आकडा दिसला की पुष्कळ जण पुढे वाचतच नाहीत. मग पत्र बाजूला ठेवून पुस्तकच कापायला बसले. 36,000 शब्द काढले. त्यात मला फार आवडणारं एक लग्नाचं प्रकरण गेलं. आता पुस्तक 92,000 वर आहे आणि धावतं. पत्रावरच्या सल्ल्याने पुस्तक सुधारेल असं मला वाटलं नव्हतं.

सगळेच सल्ले घेतले नाहीत. ऑफिसमधल्या एकाने सांगितलं, नायक पोलीस इन्स्पेक्टर कर, टाकीवर पाणी सोडणारा व्हॉल्वमन कोण वाचणार? ते मी ऐकून सोडून दिलं. कोणी म्हणालं शेवट पत्रात सांगून टाक, कोणी म्हणालं अजिबात नको. शेवट सांगायची जागा वेगळी असते, कथेचा सारांश मागतात त्यात. पत्रात गाठ बसेपर्यंतच सांगायचं. मी एवढंच धरलं की तिघांनी वेगवेगळं वाचून एकाच ओळीवर बोट ठेवलं तर ती ओळ बदलायची, त्यांनी सुचवलेला उपाय पटो न पटो.

बाबा, तुम्ही वर 'व्हॉल्वमन' वाचलं असेल. हो.

पत्राचा गाभा आता असा आहे, तुमच्यासाठी मराठीत लिहिते:

"दुष्काळाने होरपळलेलं एक शहर. नळ बंद आहेत. टाकीवरचा व्हॉल्वमन रात्री टँकर भरतो, प्रत्येक खेप वहीत मांडतो आणि खाली सही करतो. एका पहाटे वही चाळताना त्याला नऊ खेपा जास्तीच्या दिसतात. त्या त्याने भरलेल्या नाहीत. सह्या मात्र त्याच्याच आहेत. वही वर दाखवली तर पाणीचोर तोच ठरेल. गप्प बसला, तर ज्या वस्तीचं पाणी गेलं तिथे त्याची गरोदर लेक राहते आणि तिथे गॅस्ट्रोची साथ सुरू झाली आहे. तीन दिवसांनी वही तपासायला पथक येणार आहे."

पुस्तकाचं नाव 'खेप'. इंग्रजीतही तेच ठेवलं आहे. त्याला दुसरा शब्द मिळाला नाही. शहराला नाव दिलेलं नाही. गटात एक-दोघं म्हणाले, लातूर लिही, वजन येईल. मी नाही लिहिलं. कारण तुम्ही आहात.

आता मराठीत का नाही ते. मी आधी मराठीतच सुरू केलं होतं. चाळीस पानं झाली. प्रत्येक वाक्य लिहिताना तुम्ही ओट्यावर बसून वाचताय असं दिसायचं आणि हात थांबायचा. मग इंग्रजीत लिहायला घेतलं, तुम्ही वाचणार नाही या भरवशावर. चार वर्षं मी त्या भरवशावर लिहिलं आणि आता मला तो नको आहे.

गेल्या महिन्यात गटापुढे पत्राबरोबर पहिली दहा पानं ठेवली. त्यात तो माणूस ती लांब लोखंडी चावी घेऊन व्हॉल्व उघडतो. हळूहळू, फेरे मोजत, कारण एकदम उघडलं तर पाण्याचा दणका बसून जुनी लाईन फुटते. पाणी आलं हे त्याला आवाजाच्या आधी चावीतून हाताला कळतं. बँकेतल्या बाईंनी विचारलं, "हे कुठं वाचलंस?" मी नियम मोडून बोलले, म्हणाले, वाचलं नाही, पाहिलंय. "कोणाचं?" मी काही बोलले नाही. मग त्यांनी पत्रातली माझ्याबद्दलची शेवटची ओळ वाचली: 'लेखिका मूळ मराठवाड्याची असून पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करते.' आणि म्हणाल्या, "हे पुस्तक तूच का लिहावंस, ते या ओळीत नाही. ते तू लपवते आहेस."

ते खरं आहे. पत्रात हीच एक ओळ कमी आहे. ती मी लिहून ठेवली आहे, पण पाठवलेली नाही:

'माझे वडील 31 वर्षं पाण्याच्या टाकीवर व्हॉल्वमन होते. 2016 च्या उन्हाळ्यात ते रात्री टँकर भरत आणि खेपांची वही लिहीत.'

बाबा, ही ओळ लिहू का?

लगेच हो म्हणू नका. एक गोष्ट सांगायची राहिली आहे. माझ्या पुस्तकातला माणूस मधल्या एका प्रकरणात, एका रात्री, न भरलेल्या खेपेवर सही करतो. लेकीच्या दवाखान्यासाठी. पुढे तो ती चूक निस्तरतो, पण सही करतो. ते काढलं तर पुस्तक पोकळ होतं, मी काढून पाहिलं. तुम्ही अशी सही कधी केली नाही. तो माणूस पाकीट घेऊन आपल्या दारात आला होता तेव्हा मी आत अभ्यासाला बसले होते. तुम्ही त्याला चहा दिलात आणि पाकीट त्याच्याच खिशात परत ठेवलंत. मला ते माहीत आहे. पण ती ओळ वाचून पुस्तक वाचणाऱ्याला वाटेल की हे वडिलांचंच. उद्या हे छापून आलं, मराठीत आलं, तर गल्लीतही कोणाला वाटेल. 31 वर्षं तुम्ही ज्या सहीला जपलंत, तिच्यावर माझ्यामुळे कोणी बोट ठेवावं हे मला सहन होणार नाही. तुम्ही नको म्हणालात तर जुनीच ओळ जाईल, आणि मी त्याबद्दल पुन्हा विचारणार नाही.

अजून कुठेच काही पाठवलेलं नाही. आठ एजंटांची यादी केली आहे. सगळ्यांना एकदम पाठवायचं नसतं. पत्रात खोट निघाली तर सुधारून पुढच्या आठांना पाठवता येतं. ही आठ पत्रं तुमचं उत्तर येईपर्यंत थांबतील.

येळवसेच्या सणाला मी येते आहे, रजा टाकली आहे. पहिली तीन प्रकरणं मराठीत करून आणते. भज्जी-आंबील झाल्यावर काकांच्या शेतात त्या चिंचेखाली बसू आणि मी वाचून दाखवीन. फेरे मोजण्यात चूक असेल तर तिथेच सांगा. आणि ती सहीची रात्र त्या तीन प्रकरणांत नाही, पण तुम्हाला ऐकायची असेल तर तीही आणते.

आई, तुला एक विचारायचं आहे. त्या एप्रिलात एका रात्री तीन वाजता बाबा आले होते, शर्टाचा खिसा फाटून लोंबत होता. टाकीवर लोकांनी घेरलं होतं. मी उठून बसले तर बाबा म्हणाले, "तहानेला माणूस ओढणारच." आणि अर्धा पेला पाणी प्यायले, अर्धं परत माठात ओतलं. तू काही न बोलता तिथेच दिव्याखाली खिसा शिवायला बसलीस. माझं पुस्तक तिथून सुरू होतं. तो शर्ट अजून ट्रंकेत आहे का? पुस्तकात मी पांढरा दोरा लिहिला आहे, पण मला सारखं वाटतं की घरात तेव्हा पांढरा दोरा नव्हता आणि तू निळ्याने शिवलास. बघून सांग.

तुमची,
लेक