धोबीण आणि दूधवालीही कवयित्रीच

महोदय,

अठराव्या शतकातील इंग्लंडच्या कवयित्रींवरचा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. स्त्री-पुरुष विषमतेची त्यातील मांडणी पटली. मात्र स्त्रियांमधली वर्गाची दरी त्यातून निसटली, याची खंत वाटते.

मेरी कोलियर ही हॅम्पशायरमधली धोबीण. शेतमजूर बायकांना हिणवणाऱ्या स्टीफन डक या मजूर कवीला तिने १७३९मध्ये दीर्घ कवितेतून उत्तर दिले. शेतातून परतल्यावर चूल आणि मुले, शिवाय श्रीमंतांघरचे धुणे. घामच नव्हे, मनगटांवरून रक्तही ओघळते आणि हाती पडतात सहा-आठ पेन्स, असे ती लिहिते. त्याच कवितेत साबण आणि जळण जपून वापरा म्हणून बजावणारी मालकीण आहे. तीही बाईच!

ब्रिस्टलच्या अ‍ॅन यर्स्ली या दूधवालीचा संग्रह १७८५मध्ये निघाला. त्याची मिळकत हॅना मोर (स्वतः कवयित्री) आणि श्रीमंत लेखिका एलिझाबेथ मॉन्टेग्यू यांनी विश्वस्त म्हणून आपल्या ताब्यात ठेवली. आपल्या कष्टाच्या पैशावर आपला हक्क हवा, म्हणून यर्स्लीला जाहीर भांडावे लागले. लेखात कोलियर आणि यर्स्ली या दोघींचा उल्लेखही नाही. पुढील लेखात त्यांच्या कविता अनुवादासह छापाव्यात, ही विनंती.

– एक वाचक